सॉफ्टवेअरची चाचणी नेमकी कधी थांबवावी?



चाचणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घटक चाचणी, संकलित चाचणी येते. आज मी ज्या चाचणीबद्दल लिहिते आहे ती मुलांची नाही, सॉफ्टवेअरची आहे. तुम्ही म्हणाल, हा विषय इंजिनिअर लोकांचा, आपला काय संबंध? संबंध आहे आणि चांगला जवळचा आहे. हजेरीपासून निकालपत्रकापर्यंत आणि पोषण आहाराच्या नोंदीपासून बदलीच्या अर्जापर्यंत आपलं बहुतेक काम आता कुठल्या ना कुठल्या ॲपमधून किंवा पोर्टलमधून जातं. ते ॲप आपल्या मोबाईलवर येण्याआधी कुणीतरी एक दिवस ठरवलेलं असतं की, "बस्स, आता तपासणं थांबवा, देऊन टाका." तो दिवस कसा ठरतो आणि कसा ठरायला हवा, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. चाचणी कधीतरी थांबवावीच लागते आणि ती खर्चाचा हिशेब करूनच थांबवावी, यात गैर काही नाही. पण त्या हिशेबात बऱ्याचदा बनवणाऱ्याचाच खर्च धरलेला असतो, वापरणाऱ्याचा धरलेला नसतो. घोळ होतो तो इथे.

सगळंच तपासून का होत नाही?

शिक्षक परिषदेत चहाच्या वेळी एक वाक्य हमखास ऐकू येतं. "एकही चूक राहणार नाही इतकं तपासून मगच द्यायला यांना काय होतं?" ऐकायला रास्त वाटतं, पण ते शक्य नाही. का, ते आपल्या गणिताच्या तासातल्या उदाहरणाने पाहूया.

समजा एक अगदी छोटा प्रोग्राम आहे. दोन संख्या द्यायच्या, त्याने बेरीज सांगायची, एवढंच काम. संगणकात एक पूर्णांक ठेवायला साधारणपणे ३२ घरं असतात आणि प्रत्येक घरात ० किंवा १ असतो. दोन संख्यांची मिळून ६४ घरं झाली. म्हणजे संख्यांच्या वेगवेगळ्या जोड्या किती, तर २ ला २ ने गुणत गुणत ६४ वेळा २ घ्यायचे. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट तुम्ही वर्गात सांगितलीच असेल, पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. त्या पटावरच्या एकूण दाण्यांपेक्षा ही संख्या फक्त एकाने जास्त आहे. वीस अंकी संख्या! एका सेकंदात एक अब्ज जोड्या तपासणारं यंत्र आणलं, तरी सगळ्या जोड्या तपासून व्हायला ५८० वर्षांहून जास्त काळ लागेल. ही झाली नुसती बेरीज. निकालपत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा शेकडो क्रिया असतात, वर वेगवेगळे मोबाईल, वेगवेगळी नावं, मध्येच जाणारं नेट.

तेव्हा तपासणारा नेहमी नमुनाच तपासतो. शितावरून भाताची परीक्षा. आणि नमुन्यात चूक सापडली नाही म्हणून बाकीच्यात नाहीच, असं म्हणता येत नाही. नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७० च्या सुमारास ही मर्यादा फार ठासून सांगितली होती. चाचणीने चूक दिसते, चूक नसल्याचा पुरावा मिळत नाही.

अमेरिकेतले डोनाल्ड क्नुथ यांचं उदाहरण घ्या. संगणकशास्त्रात इतका काटेकोर माणूस शोधून सापडायचा नाही. गणिताची पुस्तकं सुबक छापता यावीत म्हणून त्यांनी १९७७ पासून 'टेक' नावाचा प्रोग्राम बनवायला घेतला. त्यात चूक शोधून देणाऱ्याला ते २००८ पर्यंत स्वतःच्या खिशातून बक्षिसाचा चेक पाठवत असत. बक्षिसाची रक्कम वाढत वाढत ३२७ डॉलर ६८ सेंटवर नेऊन त्यांनी स्थिर केली. प्रत्येक दुरुस्तीनंतर आवृत्तीच्या क्रमांकात 'पाय' या संख्येचा आणखी एक अंक जोडतात: ३.१४, मग ३.१४१, असं पुढे. २०२१ मध्ये ३.१४१५९२६५३ ही आवृत्ती आली. म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ जगभरचे गणिती वापरत असलेल्या, बक्षीस लावलेल्या प्रोग्राममध्येही दुरुस्तीला जागा निघालीच. मग आपल्या तालुक्याला लागणाऱ्या ॲपकडून शून्य चुकांची अपेक्षा कशी करणार? मला ती अपेक्षा चुकीची वाटते, आणि सहकारी रागावले तरी मी हेच म्हणेन.

पुढची चूक शोधायला किती पडतात?

आता हिशेबाकडे येऊ. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या खऱ्या कंपनीचे नाहीत.

एका शाळेसाठी निकालपत्रकाचं सॉफ्टवेअर बनलं. ते तपासणाऱ्या माणसांचा आठवड्याचा खर्च २०,००० रुपये. पहिल्या आठवड्यात ४० चुका सापडल्या. म्हणजे एक चूक शोधायला ५०० रुपये पडले. दुसऱ्या आठवड्यात २० सापडल्या, एक चूक १,००० रुपयांना. तिसऱ्यात १०, चौथ्यात ५. खर्च तोच, सापडणं निम्म्यावर. चौथ्या आठवड्यात एका चुकीचा भाव ४,००० रुपये झाला. पाचव्या आठवड्यात दोन-तीनच सापडतील असा अंदाज, म्हणजे भाव ८,००० च्या घरात.

आता दुसरी बाजू. चूक न शोधता तशीच शाळेत गेली, तर ती निस्तरायला सरासरी किती खर्च येतो? फोन येतात, माणूस पाठवावा लागतो, दुरुस्त करून परत सगळीकडे टाकावं लागतं. समजा ५,००० रुपये. मग उत्तर सोपं आहे. चौथ्या आठवड्यापर्यंत चूक शोधणं स्वस्त, राहू देणं महाग. पाचव्या आठवड्यात उलटं होतं: २०,००० खर्चून जेमतेम १२,५०० वाचतात. चौथ्या आठवड्याअखेर थांबावं. याच रांगेने अंदाज केला तर एकूण चुका ८० च्या आसपास, सापडल्या ७५, राहिल्या पाच. त्या पाच चुका आहेत हे माहीत असून सॉफ्टवेअर देणं, याला बेपर्वाई म्हणायचं का? मी म्हणणार नाही. एकेका चुकीला ८,००० मोजण्याऐवजी तेच पैसे वापरायच्या प्रशिक्षणावर किंवा मदतीला बसणाऱ्या माणसावर खर्च झालेले बरे.

पण आकडा बदलून पाहा. निस्तरण्याचा खर्च ५,००० ऐवजी ५०,००० धरला, तर थांबायची वेळ कुठे जाते? पाचव्या आठवड्यात भाव ८,०००, सहाव्यात १६,०००, सातव्यात ३२,०००, आठव्यात ६४,०००. म्हणजे सातव्या आठवड्यापर्यंत तपासत राहायला हवं. तेच सॉफ्टवेअर, त्याच चुका, तीच माणसं, आणि थांबायची तारीख तीन आठवडे पुढे गेली. राहिलेल्या चुकीची किंमत आपण किती धरतो यावर सगळं अवलंबून आहे. आणि ती किंमत धरणारा माणूस कोण असतो? सॉफ्टवेअर बनवून देणारा. हे लक्षात ठेवा, याच्याकडे मी परत येणार आहे.

अशा उतरत्या रांगेचं नीट गणितही झालेलं आहे. अमृत गोयल आणि काझू ओकुमोतो या दोघांनी १९७९ मध्ये याचं सूत्र मांडलं: जेवढ्या चुका शिल्लक, त्या प्रमाणात त्या सापडण्याचा वेग. त्याच सुमारास त्यांनी खर्चाचा विचार करून सॉफ्टवेअर बाजारात केव्हा द्यावं याचंही गणित केलं. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत हे सूत्र अजून शिकवतात. सूत्र चांगलं आहे, पण त्यात सगळ्या चुका सारख्याच धरलेल्या आहेत. प्रत्यक्षात 'शिर्षक' असं ऱ्हस्व-दीर्घ चुकणं आणि पास मुलाला नापास दाखवणं एकाच तराजूत कसं घालायचं?

शिल्लक किती हे कळणार कसं?

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तो आपल्याला शाळेत करून पाहता येतो.

जॉर्ज पोल्या हे नाव गणित अध्यापन शिकलेल्यांना माहीत असेल. उदाहरण कसं सोडवावं याच्या पायऱ्या सांगणारे तेच. त्यांनी १९७६ मध्ये एक छोटंसं टिपण लिहिलं, मुद्रितशोधनाबद्दल. दोन माणसांनी एकच मजकूर स्वतंत्रपणे, एकमेकांना न विचारता तपासला, तर दोघांच्याही नजरेतून सुटलेल्या चुका किती असतील याचा अंदाज करता येतो. तळ्यातले मासे मोजायला प्राणीशास्त्राचे लोक हीच युक्ती वापरतात. काही मासे पकडून खूण करून सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं आणि खूण केलेले किती परत आले ते पाहायचं.

आपण प्रश्नपत्रिकांचा एक गठ्ठा घेऊ. एका बाईंनी त्यात २४ चुका काढल्या. दुसऱ्या गुरुजींनी, बाईंचे कागद न बघता, २० काढल्या. दोघांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर १६ चुका दोघांनाही सापडलेल्या निघाल्या. आता विचार करा. गुरुजींना सापडलेल्या २० पैकी १६ बाईंनाही सापडल्या होत्या, म्हणजे बाईंची नजर पाचपैकी चार चुका पकडते. मग बाईंच्या २४ चुका या एकूण चुकांच्या पाचपैकी चार भाग. एकूण चुका ३०. सूत्र हवं असेल तर २४ गुणिले २० भागिले १६. दोघांनी मिळून सापडवलेल्या वेगळ्या चुका २४ अधिक २० वजा १६, म्हणजे २८. शिल्लक साधारण दोन. थांबायला हरकत नाही.

आता तेच आकडे, फक्त समान चुका १६ ऐवजी ६ निघाल्या असं समजा. २४ गुणिले २० भागिले ६, एकूण ८०! सापडल्या ३८, शिल्लक ४२. बाईंना २४ आणि गुरुजींना २० हे बदललेलं नाही, तरी आधी आपण थांबत होतो आणि आता अर्ध्या वाटेवरही नाही. नुसतं "किती चुका काढल्या" हा आकडा ऐकून काही कळत नाही, याद्या किती जुळल्या ते विचारायला हवं. एखादी कंपनी "आम्ही अमुक इतके बग दुरुस्त केले" असं अभिमानाने सांगते, तेव्हा मला हे उदाहरण आठवतं.

यात एक मेख आहे. दोघांची नजर एकाच वळणाची असेल, म्हणजे दोघेही शुद्धलेखन बघतात आणि गुणांची बेरीज कुणीच बघत नाही, तर याद्या छान जुळतात आणि शिल्लक चुका खऱ्यापेक्षा कमी दिसतात. खोटं समाधान मिळतं. म्हणून दोन तपासनीस वेगळ्या धाटणीचे हवेत. सॉफ्टवेअरमध्ये तर हे फारच खरं आहे. एकाच खोलीत बसणारे, एकाच प्रकारचे नवे मोबाईल आणि तेच जोरदार वायफाय वापरणारे दोघे, हे दोन वाचक नव्हेत, दीडसुद्धा नव्हेत.

आयबीएममधल्या हार्लन मिल्स यांनी दुसरी युक्ती सुचवली होती: आपणच मुद्दाम काही चुका पेरायच्या आणि तपासणाऱ्याला त्यातल्या किती सापडतात ते बघायचं. पेरलेल्या १० पैकी ८ सापडल्या आणि त्याबरोबर खऱ्या ४० सापडल्या, तर खऱ्या एकूण ५० असाव्यात, १० शिल्लक. युक्ती नामी आहे, फक्त पेरलेल्या चुका नंतर आठवणीने उपटून काढाव्या लागतात.

याच ओघात शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना पटेल अशी एक गोष्ट. "गेले पंधरा दिवस एकही नवी चूक सापडली नाही, आता थांबू" हा थांबण्याचा फार लोकप्रिय नियम आहे. पण पंधरा दिवस त्याच त्याच चाचण्या चालवल्या असतील तर सापडणार काय? बोरिस बायझर या लेखकाने याला कीटकनाशकाची उपमा दिली आहे. एकच फवारा मारत राहिलं की त्याने मरणारी कीड मरते, न मरणारी शिल्लक राहते. कापूस पिकवणाऱ्या विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने हे कसं शिकवलं ते वेगळं सांगायला नको. शेत शांत दिसतं, बोंड फोडल्यावर कळतं.

सरासरी कुणाला लागू पडते?

थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र होतं. त्याच्या आधीच्या यंत्रांमध्ये चुकीचा किरण सुटू नये म्हणून तारा-खटक्यांची वेगळी अडवणूक असे. या यंत्रात ती काढून ते काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्या यंत्रातून भयंकर जास्त मात्रा गेली. काही जण दगावले.

यातल्या टेक्सासमधल्या, १९८६ च्या घटना बघा. यंत्र चालवणारी व्यक्ती पडद्यावर उपचाराचा प्रकार टाइप करायची. चुकून एक्स-रेचा 'एक्स' टाइप झाला, तर ती मागे जाऊन इलेक्ट्रॉनचा 'ई' करायची आणि पुढे जायची. ही दुरुस्ती हळू केली तर काहीच बिघडत नव्हतं. आठ सेकंदांच्या आत केली तर आतल्या भागांना बदल कळायचाच नाही आणि नको तो जोरदार किरण तसाच सुटायचा. रोज तेच काम करून हात बसलेल्या माणसाकडूनच तेवढ्या वेगाने दुरुस्ती होत होती. नवशिक्याने जपून, एकेक कळ दाबत तपासलं असतं तर ही चूक दिसलीच नसती. पुढे रुग्णालयातल्याच लोकांनी वेगाने टाइप करण्याचा सराव करून ती चूक पुन्हा घडवून दाखवली, तेव्हा कुठे ती मान्य झाली.

आमच्याकडे याचं उलटं होतं. एका ऑनलाईन फॉर्ममध्ये सगळी माहिती भरून शेवटचं बटण दाबलं की पान कोरं व्हायचं. नेट चांगलं असेल तर काही नाही, मंद असेल तरच. वस्तीशाळेवर नेट मंदच असतं. आम्ही एकेका मुलाची माहिती तीन-तीनदा भरली. तिकडे टेक्सासमध्ये माणूस वेगवान म्हणून चूक उघडी पडली, इकडे नेट हळू म्हणून. दोन्हीकडे तपासणाऱ्याचा वेग आणि वापरणाऱ्याचा वेग वेगळा होता. (एक मुलाचा फॉर्म आणि एक माणसाचा जीव यांची बरोबरी मी करत नाही, कारण तेवढं एकच आहे.)

म्हणून वरच्या हिशेबात "एका चुकीची सरासरी किंमत ५,०००" असं जे मी लिहिलं, ते सगळ्या सॉफ्टवेअरला एकच धरून चालत नाही. निकालपत्रकात अक्षरांचा रंग, छपाईची मांडणी इथल्या चुका लवकर थांबवून सोडून द्याव्यात. गुणांची बेरीज, उत्तीर्ण-अनुत्तीर्ण, मुलाचं नाव आणि जन्मतारीख इथे तपासणी कितीतरी पुढे न्यावी. एका सॉफ्टवेअरला थांबायची एकच वेळ असते हीच समजूत सोडायला हवी.

एरियन-५ या युरोपच्या अग्निबाणाची गोष्टही याच धड्यातली. ४ जून १९९६, फ्रेंच गयानातलं कुरू. उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत बाण वाट सोडून वळला आणि फुटला. त्याबरोबर चार उपग्रह गेले. चौकशीत निघालं ते असं. दिशा सांगणारा भाग आधीच्या एरियन-४ वरून जसाच्या तसा घेतला होता. नवा बाण जास्त वेगवान, त्यामुळे आडव्या वेगाशी निगडित एक संख्या इतकी मोठी झाली की तिला दिलेल्या १६ घरांत ती मावेना. अशी न मावण्याची शक्यता असलेल्या सात संख्या आधीच ओळखल्या होत्या. चारांना संरक्षण दिलं, तीन तशाच सोडल्या, कारण संगणकावरचा भार ठरलेल्या मर्यादेत ठेवायचा होता. आणि हा भाग जुन्या बाणावर नीट चालला होता, म्हणून नव्या बाणाच्या मार्गाचे आकडे देऊन तो पुन्हा तपासलाच नाही. गंमत पाहा, ज्या गणिताने घात केला त्याचा उड्डाणानंतर एरियन-५ ला काही उपयोगच नव्हता.

इथे लोक आळशी नव्हते. एरियन-४ साठी त्यांनी काढलेलं उत्तर बरोबरच होतं. बाण बदलला आणि थांबायचा जुना निर्णय तसाच चालू ठेवला. आपल्याकडे "हे ॲप दुसऱ्या राज्यात दोन वर्षं चालतंय" असं सांगून ते इथे आणतात, तेव्हा मला विचारावंसं वाटतं की तिथे तीन-तीन नावांच्या मराठी पद्धतीने मुलं नोंदवली होती का? तिथे 'ळ' होता का?

आपल्या तासांचा हिशेब

आता मघाशी राहिलेल्या मुद्द्यावर येते. राहिलेल्या चुकीची किंमत कोण धरतो?

पुन्हा समजावण्यापुरते आकडे. चार तपासनीस, आठवड्याला प्रत्येकी ४० तास, म्हणजे १६० तास. बनवणारी कंपनी म्हणते, एक आठवडा आणखी तपासलं तर एखादीच चूक मिळेल, परवडत नाही. तिच्या वहीत हे बरोबर आहे. आता ती एक चूक अशी आहे की प्रत्येक शिक्षकाचा अर्धा तास जातो. ५०,००० शिक्षकांनी ते ॲप वापरलं तर २५,००० तास गेले. दिवसाला पाच तास अध्यापन धरलं तर शिकवण्याचे ५,००० दिवस. १६० तास वाचवले आणि २५,००० तास घालवले. पण हे २५,००० तास कुणाच्याच वहीत खर्च म्हणून लिहिले जात नाहीत. शिक्षकाचा पगार तर तसाही चालूच असतो ना! आणि खरं सांगायचं तर ते तास शिक्षकाचेही नसतात, ते पहिली-दुसरीच्या मुलांच्या वाचनाचे असतात. बाई मोबाईलमध्ये डोकं घालून बसल्या की वर्ग स्वाध्यायावर जातो, हे आपण सगळे जाणतो.

जाहीर झालेल्या तारखेसाठी थांबणं हा तर निर्णयच नव्हे. कार्यक्रम ठरलेला, हार-तुरे आलेले, म्हणून चाचणी संपली. तेव्हा निदान एवढं तरी कागदावर हवं की आम्ही तारखेमुळे थांबलो, अंदाजे एवढ्या चुका शिल्लक आहेत आणि त्या या भागात आहेत. तशी यादी ॲपबरोबर दिली तर आपले अर्धे फोन वाचतील. चूक आहे याचा त्रास होतो, पण चूक आपलीच असेल असं समजून तासभर झटत बसण्याचा त्रास जास्त होतो.

माझं मागणं मोठं नाही. काम देतानाच, म्हणजे चाचणी सुरू व्हायच्या आधी, थांबायचा नियम लिहून ठेवावा. कुठल्या भागात किती शिल्लक चालेल, दोन स्वतंत्र तपासण्यांच्या याद्या किती जुळायला हव्यात. नंतर ठरवायला बसलं की दमलेली माणसं आणि जवळ आलेली तारीख मिळून सोयीचा नियम काढतात. दुसरं, राहिलेल्या चुकीची किंमत धरताना वापरणाऱ्यांचे तास त्यात मांडावेत, आणि तो आकडा शिक्षकांना विचारून घ्यावा. आणि सगळ्या राज्याला एका सकाळी देण्यापेक्षा आधी एका केंद्राला द्यावं, आठ दिवसांनी एका तालुक्याला, मग जिल्ह्याला. यात चाचणी एका दिवसात थांबत नाही, हळूहळू थांबते, आणि चूक निघाली तर पंधरा शाळांचा वेळ जातो, पन्नास हजार शिक्षकांचा नाही. पहिलं केंद्र निवडताना मात्र रस्त्यालगतचं, नेट असलेलं निवडू नये. डोंगरातलं घ्यावं. तिथे चाललं तर शहरात चालेलच, हे उलटं खरं नसतं.

काही जण म्हणतील, एवढं सगळं केलं तर ॲप उशिरा येईल. येईल थोडं. उशिरालाही किंमत असते, शिष्यवृत्तीची यादी दोन महिने लांबली तर गरीब घराला ते परवडत नाही, म्हणून तो आकडाही याच हिशेबात घाला. मी फक्त सगळे आकडे एका वहीत मागते आहे.

तोवर आपल्या हातात आहे ते करून पाहू. पुढच्या घटक चाचणीची प्रश्नपत्रिका झेरॉक्सला देण्याआधी दोन प्रती काढा आणि दोघांना वेगवेगळ्या खोलीत तपासायला द्या. प्रत्येकाने सापडलेली चूक आपल्याच प्रतीवर गोल करायची, दुरुस्त करायची नाही. नंतर तीन आकडे लिहा: पहिल्याच्या, दुसऱ्याच्या, दोघांच्या समान. गुणाकार-भागाकार चौथीची मुलंही करतील. समान चुका शून्य आल्या तर भागाकार होणार नाही, तेव्हा सरळ तिसरा माणूस बसवा. आणि दुसरा वाचक निवडताना आपल्याच विषयाचा घेऊ नका. गणिताची प्रश्नपत्रिका असेल तर ती भाषेच्या बाईंकडे द्या.